लग्न आधी, प्रेम नंतर: ऐतिहासिक रोमान्समधलं ‘सोयीचं लग्न’ नेमकं काय असतं?

१७७६ सालचं लंडन. अर्ल ऑफ रूल नावाचा पस्तिशीतला एक श्रीमंत सरदार. त्याने नुकतीच विनवुड घराण्यातल्या थोरल्या मुलीला, एलिझाबेथला मागणी घातलीये. विनवुड घराणं जुनं आणि नावाजलेलं, पण तिजोरी रिकामी. भाऊ पट्टीचा जुगारी. त्यामुळे असं स्थळ नाकारणं परवडणारं नाही. अडचण एकच. एलिझाबेथचं प्रेम आहे एका साध्या लेफ्टनंटवर.

अशात एक दिवस अर्लच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहते. ही एलिझाबेथ नाही, तिची सतरा वर्षांची धाकटी बहीण होरेशिया. बोलताना अडखळते, भुवया जाड, दिसायला बहिणीइतकी देखणी नाही. ती थेट मुद्द्यावर येते. तुम्हाला विनवुड घराण्यातलीच मुलगी हवी आहे ना? मग बहिणीला सोडा, माझ्याशी लग्न करा. बदल्यात मी तुमच्या कुठल्याही गोष्टीत ढवळाढवळ करणार नाही.

अर्ल हो म्हणतो.

जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ या १९३४ सालच्या कादंबरीची ही सुरुवात. आज किंडलवर, बुकस्टाग्रामवर किंवा ओटीटीवर ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स’ असं लेबल लावलेली शेकडो पुस्तकं आणि मालिका सापडतात. आधी व्यवहार म्हणून लग्न, मग भांडणं, गैरसमज, आणि शेवटी नवरा-बायको एकमेकांच्या प्रेमात. हा साचा हेयरने शोधून काढला नाही, पण त्याला हलकंफुलकं, खुसखुशीत रूप देण्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

वरवर पाहता ही सगळी गंमत आहे. पण गंमत खरी कळायची असेल, तर त्या काळातलं लग्न म्हणजे काय होतं, हे आधी माहीत असायला हवं.

हे आपल्या ‘बघून’ केलेल्या लग्नासारखंच नाही का?

मराठी वाचकाला पहिला प्रश्न हाच पडतो. अनोळखी माणसाशी लग्न आणि मग संसारात हळूहळू जुळणं, यात नवल ते काय? आपल्या दोन-तीन पिढ्यांनी तेच केलं.

फरक आहे. ठरवून केलेल्या लग्नात सोयरीक दोन घरं जुळवतात. बोलणी मोठी माणसं करतात आणि ‘पुढे प्रेम होईलच’ हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. सोयीच्या लग्नाच्या कथेत सौदा ते दोघं स्वतःच, समोरासमोर करतात. आणि त्यात प्रेम नसेल, अशी अट स्वतःच घालतात. सगळी मजा या अटीत आहे. होरेशियाने ‘ढवळाढवळ करणार नाही’ असा शब्द दिलाय. आता नवऱ्याची कॅरोलिन मॅसी नावाची एक मैत्रीण आहे आणि तिच्या नुसत्या नावाने होरेशियाचा जळफळाट होतोय. पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? करार तिनेच केला होता.

म्हणजे इथे प्रेमाच्या आड घरचे येत नाहीत, जात येत नाही, पैसाही येत नाही. आड येतो दोघांनी मिळून केलेला नियम. जो आधी ‘प्रेम आहे’ म्हणेल, तो करार मोडेल. म्हणून दोघंही गप्प, आणि दोघांनाही वाटत राहतं की समोरच्याला आपली पर्वा नाही.

कारणं मात्र ठरलेली असतात. आजोबांचं मृत्युपत्र सांगतं की अमुक वयाच्या आत लग्न केलं तरच पैसा. कुणाची इस्टेट गहाण पडलेली असते, कुणाला वारस हवा असतो. एखादी मुलगी रात्री चुकीच्या ठिकाणी चुकीच्या माणसाबरोबर दिसते आणि तिची अब्रू वाचवायला लग्न उरकावं लागतं. हेयरच्याच ‘फ्रायडेज चाइल्ड’ (१९४४) मध्ये शेरी नावाच्या तरुण सरदाराला त्याचा पैसा पंचविसाव्या वर्षी किंवा लग्न झाल्यावरच हातात मिळणार असतो. त्याची लाडकी सुंदरी त्याला नकार देते. तो चिडतो आणि म्हणतो, आता जी पहिली मुलगी दिसेल तिच्याशी लग्न करतो. दिसते ती त्याची लहानपणची मैत्रीण, हीरो वाँटेज. ती बिचारी आधीपासूनच त्याच्यावर जीव टाकून असते, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक.

बायको कायद्याने उरायचीच नाही

आता थोडा कायदा. कंटाळा येणार नाही, कारण कथेचा सगळा ताण इथूनच येतो.

विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ पासून प्रकाशित केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्लिश कायद्याचं एक तत्त्व मांडलंय: लग्नानंतर नवरा-बायको कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती. ही एक व्यक्ती म्हणजे अर्थातच नवरा. बायकोचे पैसे, दागिने, तिने मिळवलेली कमाई, सगळं त्याचं. तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता, खटला भरता येत नव्हता. मुलांचा ताबाही बापाकडे. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना निदान शास्त्रात तरी होती. इंग्लंडमध्ये बायकोच्या नावाने वेगळी मालमत्ता ठेवायची, तर वकिलाकरवी ट्रस्ट करून ठेवावी लागायची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ मध्ये.

म्हणून श्रीमंतांच्या लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसायचे आणि भलामोठा करारनामा तयार व्हायचा. बायकोला वर्षाला हातखर्च किती, नवरा गेला तर विधवेला दरसाल किती, धाकट्या मुलांच्या वाट्याला काय, मुलींच्या हुंड्याची तजवीज कशी. प्रेमपत्रं लिहिली जायची की नाही कोण जाणे, पण हा कागद जरूर लिहिला जायचा. त्या काळच्या उमराव वर्गात प्रत्येकच लग्न थोडंफार सोयीचं होतं, असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

लग्न लावण्याचे नियमही कडक होते. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा १७५३ मध्ये मंजूर झाला आणि मार्च १७५४ पासून लागू झाला. त्यानुसार चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची जाहीर घोषणा करायची, नाहीतर परवाना काढायचा. परवान्यावर लग्न करणारं कुणी एकवीस वर्षांखालचं असेल, तर पालकांची संमती हवी. नसेल तर लग्नच रद्दबातल. लग्न लागायचं सकाळी, बाराच्या आत. यातून सूट हवी असेल तर कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या कार्यालयाकडून ‘स्पेशल लायसन्स’ मिळवायचं. ते असलं की कुठेही, कधीही लग्न. रोमान्स कादंबऱ्यांत प्रत्येक तिसरा ड्यूक खिशात हा कागद घेऊन फिरतो. खऱ्या आयुष्यात तो महागडा आणि मोजक्यांनाच मिळणारा होता.

स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या गावाकडे घोडागाडी पिटाळायची. आपल्याकडे आळंदीला जाऊन लग्न लावून येतात, साधारण तसंच. फक्त रस्ता शेकडो मैलांचा आणि मागे बापाची गाडी.

‘वर्षभराने वेगळे होऊ’ हे तेव्हा शक्य होतं का?

नव्हतं. आजच्या बऱ्याच ऐतिहासिक रोमान्समध्ये हीच मोठी चूक सापडते.

१८५७ पर्यंत इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल, म्हणजे पुन्हा लग्न करता येईल असा, तर संसदेत त्या एका जोडप्यासाठी खासगी कायदा मंजूर करून घ्यावा लागायचा. दीडशेहून जास्त वर्षांत असे साधारण सव्वातीनशे कायदे झाले. त्यातले बायकांच्या अर्जावर झालेले फक्त चार. नवऱ्याला आधी बायकोच्या प्रियकरावर भरपाईचा दावा लावायचा असायचा. त्या खटल्यातल्या साक्षी वर्तमानपत्रं चवीने छापायची आणि लोक चहाबरोबर वाचायचे. ट्रोलिंग तेव्हाही होतं, फक्त स्क्रीनशॉट नव्हते.

मग कादंबरीकार एक पळवाट काढतात: नवरा-बायकोचे शरीरसंबंध आलेच नाहीत, म्हणून सहा महिन्यांनी लग्न रद्द. वाचायला सोपं वाटतं. पण इंग्लिश चर्च-न्यायालयात नुसतं ‘संबंध आले नाहीत’ एवढं पुरत नव्हतं. संबंध येणं शक्यच नाही, हे सिद्ध करावं लागायचं. त्यासाठी साधारण तीन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवायचं आणि डॉक्टरी तपासणीला सामोरं जायचं. प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन आणि एफी ग्रे यांचं १८४८ मधलं लग्न याच कारणाने रद्द झालं, तेही १८५४ मध्ये. एफीला त्यासाठी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी तिने चित्रकार मिलेशी लग्न केलं, म्हणून ही गोष्ट आज गोड वाटते. त्या सहा वर्षांत गोड काही नव्हतं.

आता पुन्हा होरेशियाकडे पाहा. सतरा वर्षांची ती मुलगी अर्लच्या दिवाणखान्यात उभी राहून जे बोलली, त्यातून परत फिरायला दार नव्हतं. तो माणूस कसा निघेल, हे तिला ठाऊक नाही. उद्या तो तुसडा निघाला, मारकुटा निघाला, तरी त्याच्याच घरात, त्याच्याच पैशावर जगायचं. बहिणीचं प्रेम आणि भावाचं कर्ज यांच्यासाठी तिने आख्खं आयुष्य पणाला लावलंय. हेयर हे असं कुठेही गंभीर चेहऱ्याने सांगत नाही. ती आपल्याला हसवत पुढे नेते. पण पायाखाली ही जमीन नसती, तर ते हसू पोकळ झालं असतं.

वयाचा मुद्दाही टाळून चालणार नाही. पस्तीस आणि सतरा हे आज खटकतं आणि खटकायलाच हवं. इंग्लंडमध्ये तेव्हा पालकांच्या संमतीने मुलीचं लग्न कायद्याने बाराव्या वर्षीही होऊ शकत होतं. ही मर्यादा सोळावर आली ती थेट १९२९ मध्ये. हेयरने काळाला धरून लिहिलं, एवढं समजून घेता येतं. आवडून घ्यायलाच हवं असं नाही.

खऱ्या राजघराण्यातली दोन सोयीची लग्नं

ज्या काळाला ‘रीजन्सी’ म्हणतात, म्हणजे १८११ ते १८२०, तो ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या राजपुत्राचंच लग्न हा सोयीच्या लग्नाचा सगळ्यात भीषण नमुना आहे.

युवराज जॉर्ज कर्जात आकंठ बुडाला होता. आकडा सहा लाख पौंडांच्या पुढे. त्याने १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न केलं होतं, पण राजाची परवानगी नसल्यामुळे कायद्याने ते लग्नच नव्हतं. कर्जाची सोय लागावी म्हणून तो चुलत नात्यातल्या कुणा प्रॉटेस्टंट राजकन्येशी लग्न करायला तयार झाला. ही राजकन्या ब्रन्सविकची कॅरोलिन, त्याची सख्खी आतेबहीण. पहिल्या भेटीतच त्याने तिला पाहून ब्रँडी मागितली, असं सांगतात. ८ एप्रिल १७९५ ला लग्न झालं. नवरदेव नशेत होता. पुढच्या जानेवारीत मुलगी झाली आणि दोघं वेगळे राहू लागले. घटस्फोट काही मिळाला नाही. १८२० मध्ये राजा झाल्यावर त्याने संसदेकरवी तो मिळवायचा प्रयत्न केला, पण जनता कॅरोलिनच्या बाजूने उभी राहिली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. जुलै १८२१ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी ती वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दाराशी आली, तेव्हा तिला आत घेतलं नाही. तीन आठवड्यांत ती वारली.

दुसरी गोष्ट याच जॉर्जच्या भावाची. जॉर्जची एकुलती मुलगी शार्लट १८१७ मध्ये बाळंतपणात गेली आणि सिंहासनाला पुढच्या पिढीत कायदेशीर वारसच उरला नाही. मग म्हाताऱ्या राजाच्या बिनलग्नाच्या मुलांची एकदम लगीनघाई सुरू झाली. त्यातला एक विल्यम, वय ५२. डोरोथिया जॉर्डन या अभिनेत्रीबरोबर तो वीसेक वर्षं राहिला होता आणि तिच्यापासून त्याला दहा मुलं होती. त्याच्यासाठी जर्मनीतल्या छोट्याशा संस्थानातली २५ वर्षांची ॲडलेड शोधण्यात आली. ती इंग्लंडला आली आणि आठवड्याभरात, ११ जुलै १८१८ ला क्यू इथे लग्न लागलं. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी भाऊ एडवर्डचंही इंग्लंडमधलं लग्न लागलं. त्या दुसऱ्या जोडप्याची मुलगी म्हणजे राणी व्हिक्टोरिया.

सगळ्यांना वाटलं होतं की विल्यमचं काही खरं नाही. झालं उलटं. ॲडलेडने त्याची दहाच्या दहा मुलं आपलीशी केली, खर्चाला आळा घातला, आणि तो शिवराळ खलाशी माणूस हळूहळू माणसात आला. त्यांच्या स्वतःच्या मुली मात्र तान्हेपणीच गेल्या. १८३७ मध्ये त्याच्या शेवटच्या आजारपणात ती त्याच्या उशाशी बसून होती. कादंबरीकारांनी हे लिहिलं असतं, तर ‘जरा जास्तच होतंय’ असं वाचक म्हणाले असते.

मग हे हलकंफुलकं कसं होतं?

जेन ऑस्टिनने १८१३ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये सोयीचं लग्न दाखवलंय ते असं: सत्तावीस वर्षांची शार्लट लुकस मूर्ख, बडबड्या कॉलिन्सशी लग्न करते, कारण तिला स्वतःचं घर हवंय. पुढे प्रेम वगैरे काही होत नाही. ती फक्त नवऱ्याला बागकामाला उत्तेजन देते आणि स्वतः मागच्या खोलीत बसते. विनोदी आहे, पण वाचताना आत काहीतरी टोचतं.

हेयर आणि तिच्या मागून आलेल्या लेखिका इथून एक वळण घेतात. नवरा भला निघतो. एवढी एक सवलत घेतली की बाकी सगळा गोंधळ मजेचा होतो. ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’मध्ये लेथब्रिज नावाचा खलनायक होरेशियाला फसवून आपल्या घरी आणतो. ती शेकोटीची लोखंडी सळई त्याच्या डोक्यात हाणून निसटते, पण तिचा ब्रोच तिथेच पडतो. आता तो ब्रोच नवऱ्याला कळायच्या आत परत मिळवायचा म्हणून तिचा भाऊ आणि त्याचे मित्र जे काही उद्योग करतात, ते थेट मराठी फार्सच्या जातीचे आहेत. दारं उघडतात, चुकीची माणसं आत येतात, एक वस्तू तीन हातांतून फिरते. नवऱ्याला बरंच काही आधीच कळलेलं असतं, तो फक्त जांभई देत वाट बघत असतो.

‘एप्रिल लेडी’ (१९५७) मध्ये तर खलनायकाचीही गरज लागत नाही. नेलला आईने बजावलंय की हे लग्न सोयीचं आहे, नवऱ्याच्या गळ्यात पडू नकोस. नवऱ्याला, कार्ड्रॉसला, वाटतं की हिने आपला पैसा पाहून लग्न केलं. दोघांचंही पहिल्या दिवसापासून एकमेकांवर प्रेम आहे. आणि भांडण कशावरून? एका ड्रेसच्या थकलेल्या बिलावरून. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा संशय पक्का होईल म्हणून ती लपवते, आणि लपवल्यामुळेच संशय वाढतो.

ब्रिजर्टन आणि आपली राधा-घना जोडी

नेटफ्लिक्सवर २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘ब्रिजर्टन’च्या पहिल्या सीझनमध्ये डॅफ्नी आणि ड्यूक सायमन आधी प्रेमाचं नाटक करतात. मग बागेत दोघं एकत्र सापडतात, द्वंद्वयुद्धापर्यंत वेळ येते आणि लग्न होतं. ज्युलिया क्विनच्या २००० सालच्या ‘द ड्यूक अँड आय’वर ते बेतलंय. साचा तोच, फक्त सोयीऐवजी अब्रूची सक्ती.

मराठीत याच साच्याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे झी मराठीवरची २०१२ सालची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. मुक्ता बर्वेची राधा आणि स्वप्नील जोशीचा घना घरच्यांच्या लग्नाच्या तगाद्यातून सुटण्यासाठी करारावर लग्न करतात, पुढे वेगळं व्हायचं ठरवूनच. पण इथे एक मोठा बदल झालाय. राधा कमावती आहे आणि घटस्फोटाचं दार उघडं आहे. म्हणून ताण उलट्या दिशेने येतो. होरेशियाला बाहेर पडता येत नाही, म्हणून आत जीव लावावा लागतो. राधा-घनाला कधीही बाहेर पडता येतं, म्हणून थांबावंसं का वाटतंय हा प्रश्न त्यांना छळतो.

(जाता जाता: असा ‘काही महिन्यांचा’ लग्नकरार आपल्या कायद्यातही कागदापुरताच. हिंदू विवाह कायद्यानुसार परस्परसंमतीने घटस्फोट मागायचा, तर आधी किमान वर्षभर वेगळं राहावं लागतं.)

सुरुवात कुठून करावी?

हसायचं असेल तर ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ किंवा ‘फ्रायडेज चाइल्ड’. पण हेयरचं याच विषयावरचं सगळ्यात वेगळं पुस्तक आहे ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१), आणि ते पहिलं वाचू नये.

कॅप्टन ॲडम डेव्हरिल नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परत येतो तर वडील गेलेले, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. वाडवडिलांचं घर वाचवायला तो एका गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो. ती जेनी. बुटकी, साधी, व्यवहारी. ॲडमचं प्रेम आहे सुंदर ज्युलियावर, आणि जेनी ज्युलियाची शाळेतली मैत्रीण, त्यामुळे तिला हे पक्कं ठाऊक आहे. इथे नवरा एका रात्रीत बायकोच्या प्रेमात वेडा होत नाही. ती त्याच्या आवडीचं जेवण लक्षात ठेवते, त्याचं घर चालवते, सासऱ्याचा उपकाराचा भार त्याला टोचू नये म्हणून बापालाच आवरते. वॉटर्लूच्या वेळी पराभवाच्या अफवेने शेअर बाजार कोसळतो. सासरा विकायला सांगत असताना ॲडम वेलिंग्टनवर भरवसा ठेवून उलट खरेदी करतो, आणि पहिल्यांदा स्वतःच्या पैशावर उभा राहतो. आता त्याला जेनीच्या पैशाची गरज उरलेली नाही. तरीही तो तिच्याकडेच असतो, शेतीबद्दल बोलत.

याला प्रेम म्हणायचं की सवय, यावरून हेयरच्या वाचकांत आजही दोन तट आहेत.